मौद्याच्या मांडवातले जेवण: घरचे पदार्थ निवडण्याची रीत

लग्नघरात एकच जेवण नसते. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या काठी लागणाऱ्या मौद्यात आणि अरोली, खात, तारसा, कोदामेंढी अशा तालुक्यातल्या गावांत एका लग्नासाठी चार-पाच वेळा मोठी चूल पेटते. साक्षगंधाचे जेवण, मांडवाच्या दिवसाचे जेवण, हळदीच्या रात्रीचे खाणे, लग्नाची मोठी पंगत आणि मांडव परतल्यावरचे जेवण. प्रत्येक वेळी जेवणारी माणसे वेगळी, त्यांची संख्या वेगळी आणि रांधणारे हातही वेगळे असतात.

परंपरेचे आणि घरचे पदार्थ निवडताना अडचण येते ती हा फरक लक्षात न घेतल्याने. आजीच्या हातची पाटवडी, मोठ्या आईचा गोळाभात, मामाच्या घरची कढी हे सगळे लग्नाच्या मोठ्या पंगतीतच वाढायचे असे ठरते. चाळीस माणसांच्या मापाने पिढ्यान्‌पिढ्या केलेला पदार्थ मग हजार माणसांसाठी आचाऱ्याच्या कढईत पडतो आणि त्याची ओळख हरवते. म्हणून पदार्थ कोणता, यापेक्षा तो कोणत्या जेवणाचा, हा प्रश्न आधी सोडवावा.

कोणत्या जेवणाला काय

साक्षगंधाला साधारणपणे दोन्हीकडची मोजकी माणसे असतात. सोयरीक नवी असते आणि एका घरची चव दुसऱ्या घराला पहिल्यांदा कळण्याची ही वेळ असते. निगुतीने करावे लागणारे, तव्यावरून थेट ताटात यावे लागणारे पदार्थ इथे शोभतात. पुरणपोळी आणि सार, पाटवडी-रस्सा, भरली वांगी यांना हीच जागा योग्य. पन्नास-साठ पानांपर्यंत घरच्या बायका आणि एखादी मदतनीस एवढ्यांत हे निभते.

मांडवाचा दिवस भाऊबंद, शेजारी आणि मुक्कामी आलेल्या पाहुण्यांचा. घरचे म्हणून जे काही असेल, त्याचे खरे स्थान या दिवशी. मांडव घालायला आलेली माणसे, हळद दळणाऱ्या बायका, डहाळे आणणारी पोरे सगळी एका पंगतीला बसतात. वरण-भात, मिश्र डाळींचे वडे, कढी, आलू-वांग्याची नाहीतर कोहळ्याची भाजी आणि सोबत शेवयांची किंवा गव्हाची खीर एवढे पुरेसे होते. माणसे शंभर-दोनशे असली तरी ती आपली असतात. वडे थोडे कमी खमंग झाले किंवा कढी जरा आंबट झाली तरी कोणी नाव ठेवत नाही.

हळदीच्या रात्री भूक अवेळी लागते. पूर्ण ताटापेक्षा एका भांड्यात भागेल असे खाणे बरे: मसालेभात आणि कढी, वडाभात, किंवा झुणका-भाकर आणि ठेचा. हल्ली हळदीला चाटचे आणि चायनीजचे काउंटर लागतात. त्याच पैशांत मडक्यावरच्या लांब पोळीची चूल लावली, तर पाहुणे खातातही आणि थांबून बघतातही. उलट्या मडक्यावर सैल कणकेची पोळी हातावर लांबवत टाकणाऱ्या कारागीर बायका नागपूर परिसरात मिळतात. त्यांना आगाऊ सांगून ठेवावे लागते.

लग्नाची पंगत गावाची असते. चूलबंद आवतण दिलेले असेल तर घरटी सगळी माणसे येतात आणि हजाराचा आकडा सहज गाठला जातो. इथे पदार्थ थोडे, ओळखीचे आणि मोठ्या प्रमाणात न बिघडणारे असावेत. घरची खूण म्हणून एक, फार तर दोन पदार्थ ठेवावेत. बाकी ताट गावाच्या सवयीचे असू द्यावे: वरण-भात, आलू-वांग्याची रस्सेदार भाजी, डाळभाजी, पुरी किंवा पोळी, बुंदी, मठ्ठा, पापड.

मांडव परतल्यावर बऱ्याच घरांत मटणाचे जेवण होते. तलाव आणि नदीकाठच्या गावांत मासळीही असते. हे जेवण पुन्हा घरच्यांचे, म्हणून घरच्या वाटणाचे. सावजी पद्धत हवी असेल, तर नागपूरच्या हलबा-कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेला तो तिखट मसाला माहीत असलेलाच आचारी बघावा. लहान मुले आणि म्हाताऱ्यांसाठी थोडा रस्सा कमी तिखट वेगळा काढून ठेवावा.

घरातले पदार्थ शोधणे आणि लिहून घेणे

लग्न ठरल्यावर दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांशी निवांत बोलणे ही पहिली पायरी. "आपल्याकडे लग्नात काय करत?" असे विचारले की ठराविक उत्तरे मिळतात. त्यापेक्षा प्रश्न नेमके असावेत. आजीच्या लग्नात मांडवाच्या दिवशी काय होते, नवरदेवाला पहिला घास कशाचा दिला, व्याह्यांच्या पानावर वेगळे काय वाढले, रुखवतात काय काय ठेवले, कोणता पदार्थ करायला कोणत्या आत्याला बोलावणे धाडत. अशा प्रश्नांतून पदार्थासोबत त्याची वेळ आणि करणारा हातही कळतो.

कृती सांगून समजत नाही. ती एकदा समोर करून घ्यावी लागते. मूठ, ओंजळ, चिमूट, "अंदाजाने" ही मापे मोठ्या स्वयंपाकात निरुपयोगी ठरतात. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे नेमके माप घराघरांत नेले. लग्नासाठी त्याच्याही पुढे जाऊन वजनाचे माप लागते. त्यासाठी आजीच्या हाताशी तराजू ठेवून प्रत्येक जिन्नस भांड्यात पडण्याआधी तोलावा. तयार पदार्थाचेही वजन करावे आणि तो किती जणांना पुरला याची नोंद ठेवावी. ही नोंद आचाऱ्याच्या हाती दिली की पुढचे बोलणे सोपे होते.

माप वाढवताना सरळ गुणाकार चालत नाही. दहा माणसांची भाजी शंभरांची करायची तर भाजी, डाळ, तांदूळ दहापट घ्यावेत. मीठ, तिखट, हिंग आणि फोडणीचे तेल मात्र आधी सात-आठपट घालून चव बघावी आणि मग वाढवावे. मोठ्या गंजात पाणी कमी आटते, म्हणून भाताला आणि रश्श्याला पाणीही प्रमाणापेक्षा कमी लागते. जाड बुडाचा गंज आच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. त्यातला भात थोडा कच्चट असतानाच आचेवरून उतरवावा लागतो.

पदार्थ पारखण्याच्या चार कसोट्या

यादीत आलेला प्रत्येक घरगुती पदार्थ चार प्रश्नांवर तपासावा. पहिला, तो मोठ्या भांड्यात होतो का. दुसरा, तयार झाल्यावर दोन तास टिकतो का. तिसरा, लग्नाच्या महिन्यात त्याचा जिन्नस चांगला मिळतो का. चौथा, तो करणारा हात त्या दिवशी मोकळा आहे का. नवरीची आईच सांबारवडी उत्तम करत असेल, तर लग्नाच्या दिवशी सांबारवडी होणार नाही हे आधीच मान्य करावे.

डाळभाजी या चारही कसोट्यांना उतरते. तूरडाळ आणि थोडी चणाडाळ, पालक, आंबट चुका, भिजवलेले शेंगदाणे आणि वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. मोठ्या गंजात ती उलट अधिक मिळून येते, तास-दोन तास गरम ठेवली तरी चालते आणि भातासोबत तशीच पोळीसोबतही जाते. घरची ओळख त्यात सहज घालता येते: कोणाकडे चुक्याऐवजी चिंच, कोणाकडे फोडणीत तीळ.

वडाभातही मोठ्या पंगतीला योग्य. चणा, तूर, मूग आणि उडीद या डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरे घालून वडे तळायचे. पानात मोकळा भात, त्यावर कुस्करलेले वडे आणि वर मोहरी-हिंग-सुक्या मिरचीचे कडकडीत तेल, बाजूला कढी. वडे तासभर आधी तळलेले चालतात, भात वेगळा राहतो आणि चवीचा सगळा भार फोडणीच्या तेलावर असतो. ते तेल मात्र पंगत बसल्यावरच गरम करून आणावे. थंड तेलाचा वडाभात घशाखाली उतरत नाही.

गोळाभाताचे तसे नाही. भरड्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे असतात. मोठ्या गंजात खालचे गोळे दबून फुटतात आणि वरचे कच्चे राहतात. मांडवाच्या दिवशी दोन-तीन लहान बगोण्यांत तो करता येतो. मोठ्या पंगतीत ठेवायचाच असेल तर गोळे चाळणीवर वेगळे वाफवून वाढताना भातावर द्यावेत.

पाटवडीला वेळेचा धाक असतो. फोडणीच्या पाण्यात शिजवलेले बेसन ताटावर थापून, वर खसखस, सुके खोबरे आणि सांबार (कोथिंबीर) पसरून वड्या पाडल्या की त्या कोरड्या टिकतात. रश्श्यात पडून राहिल्या तर विरघळतात आणि रस्साही घट्ट होतो. म्हणून वडी पानात कोरडी वाढावी आणि मागून गरम रस्सा बादलीतून यावा. वाढणाऱ्यांना हा क्रम समजावून सांगितला नाही तर सगळी मेहनत वाया जाते.

सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी, हिवाळ्यातली. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत सांबार कोवळा आणि स्वस्त असतो. वैशाखात तो महागतो, सुकतो आणि निवडायला दुप्पट वेळ घेतो. उन्हाळ्याच्या लग्नात त्याजागी कोहळ्याची बोंडे करावीत. कोहळे उन्हात टिकते, किसून गुळासोबत शिजवून कणकेत भिजवले की बोंडे तळता येतात आणि एका पदार्थात गोडाचेही भागते.

कढी साधी वाटते, पण मोठ्या प्रमाणात हमखास फसते. दही आणि बेसन आधी चांगले घुसळून गाळून घ्यावे, उकळी येईपर्यंत सतत ढवळावे आणि मीठ शेवटी घालावे, म्हणजे ती फुटत नाही. भांडे स्टीलचे असावे. पितळेचे वापरायचे तर कल्हई ताजी असावी. आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या पितळेत ठेवणे धोक्याचे आहे.

सरगुंडे आणि रुखवत

सगळेच घरचे पदार्थ लग्नाच्या दिवशी चुलीवर चढत नाहीत. वाळवणे महिनाभर आधी होतात आणि त्यात हात लावण्याची संधी सगळ्यांना मिळते. विदर्भातले सरगुंडे हे याचे उत्तम उदाहरण. गव्हाची कणीक घट्ट भिजवून चांगली मळतात. तिची बारीक लोळी एका गुळगुळीत काडीवर वेढे देत गुंडाळायची आणि तळव्याखाली हलकेच लोळवायची. वेढे एकमेकांना चिकटून पोकळ नळी होते. काडी अलगद ओढून घेतली की सरगुंडा सुपावर वाळायला ठेवतात. अंगणात सात-आठ जणी बसल्या तर दुपारभरात सूपच्या सूप भरतात. लहान मुलींना काडीवर गुंडाळायला आणि म्हातारीला मळायला बसवता येते.

कडक वाळलेले सरगुंडे डब्यात महिनोन्‌महिने राहतात. जेवणाच्या वेळी उकळत्या पाण्यात शिजवून निथळायचे आणि तूप-गूळ, दूध-साखर किंवा आमरसासोबत वाढायचे. व्याह्यांच्या पानावर मानाचा पदार्थ म्हणून सरगुंडे देण्याची पद्धत जपायची असेल, तर दीडशे-दोनशे मानकऱ्यांपुरतेच करावेत. हजार पानांना ते पुरवणे घरच्या हातांना झेपत नाही.

रुखवतात सरगुंड्यांसोबत कुरड्या, मुगाचे आणि उडदाचे पापड, शेवया, लाडू, करंज्या, अनारसे असतात. मांडणी करताना खाण्याच्या वस्तू काच-थर्माकोलच्या सजावटीला चिकटवू नयेत. सासरी जाऊन त्या खाल्ल्या जाव्यात हाच उद्देश असतो. लाडू-करंज्या लग्नाच्या आदल्या तीन-चार दिवसांतल्या असाव्यात आणि डब्यावर केल्याची तारीख लिहावी.

मौद्याच्या रानातले जिन्नस

मौदा तालुका पेंच कालव्याच्या पाण्यावरचा धानाचा मुलूख आहे, त्यामुळे भात हा ताटाचा कणा. पंगतीच्या भातासाठी तांदूळ निदान वर्षभर जुना असावा. नवा तांदूळ चिकट होतो आणि मोठ्या गंजात त्याचा गोळा बनतो. घरी धान असेल तर लग्न ठरताच गेल्या वर्षीचे वेगळे काढून ठेवावे आणि महिनाभर आधी भरडून घ्यावे. रोजच्या चवीचा मोकळा, बारीक तांदूळ म्हणून एचएमटी सगळ्यांना माहीत आहे. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून तयार केले. मोठ्या पंगतीला एचएमटी किंवा जय श्रीराम आणि साक्षगंधाला, मांडवाला सुवासिक चिन्नोर अशी वाटणी केली तर खर्चही आवाक्यात राहतो आणि चिन्नोरचा वास हजार माणसांच्या गर्दीत हरवत नाही.

तिखट आणि हळद आयत्या पाकिटातून घेण्यापेक्षा आख्खी घेऊन कांडून आणावी. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची याच नागपूर जिल्ह्यातली आणि वायगावची हळद शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली. मिरची उन्हाळ्याच्या सुरुवातीला घेऊन वाळवून ठेवली की वर्षभराच्या कोणत्याही लग्नाला उपयोगी पडते. बेसनाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. स्वस्त बेसनात लाखोळीच्या डाळीची भेसळ होते. ही डाळ दीर्घकाळ आणि भरपूर खाल्ल्यास पायांचा पांगळेपणा येऊ शकतो. वडी, कढी, बुंदी आणि वडे या सगळ्यांना चणा लागतो, म्हणून चणाडाळ पारखून घेऊन गिरणीवर समोर दळून आणणे केव्हाही चांगले.

ऋतू आणि वेळ

तुळशीच्या लग्नानंतर धान घरात येते आणि लग्नसराई सुरू होते. या दिवसांत वांगी, पालक, चुका, सांबार, वालाच्या शेंगा, मेथी सगळे स्वस्त असते. हिवाळ्यातल्या लग्नात भाज्यांचे पदार्थ वाढवावेत, गरम जिलेबी ठेवावी आणि मठ्ठा कमी करावा.

चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. अशा वेळी तळण कमी, पातळ पदार्थ जास्त असे ताट हवे. कैरीचे पन्हे, मठ्ठा, चिंच-गुळाची चिंचवणी, आमरस हे या ऋतूतले जुने पदार्थ आहेत आणि शीतपेयांच्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतात. पुरण, खवा आणि दुधाची मिठाई उन्हात लवकर आंबते. उन्हाळ्यात गोड म्हणून बुंदी, बोंडे किंवा वाळवणाचे सरगुंडे ठेवावेत. आमरस वाढण्याच्या तासभर आधीच काढावा.

वेळेचा हिशेब जेवणापासून उलटा मांडावा. बौद्ध पद्धतीच्या लग्नात मुहूर्ताचा प्रश्न नसतो, त्यामुळे जेवणाची वेळ पाळणे सोपे जाते. मुहूर्ताच्या लग्नात वरात नाचत येते आणि तास-दीड तास उशीर गृहीत धरावा लागतो. पुऱ्या, भात आणि फोडण्या वरात मांडवाच्या दारी आल्यावरच सुरू कराव्यात. वरण, भाजी, कढी यांची पूर्वतयारी आधी करून ठेवता येते.

दोन घरे, अनेक खाणारी

लग्न मुलीकडे आणि स्वागत समारंभ मुलाकडे असेल तर दोन्ही घरांनी एकत्र बसून यादी वाटून घ्यावी. दोन दिवस लागोपाठ तीच आलू-वांग्याची भाजी आणि तीच बुंदी आली की दोन्ही जेवणे फिकी पडतात. लग्नाच्या ताटात मुलीच्या घरची एक खूण आणि स्वागताच्या ताटात मुलाच्या घरची एक खूण, हा सोपा करार. सोयरीक दूरची असेल, समजा खानदेशातली किंवा कोकणातली, तर त्यांचा एखादा पदार्थ इथल्या आचाऱ्याकडून करवून घेण्याचा धोका पत्करू नये. त्यांच्याकडची एखादी जाणती बाई साक्षगंधाला तो करू शकते.

तारीख ठरताच पंचांग बघून एकादशी, चतुर्थी, मार्गशीर्षातला गुरुवार आहे का ते तपासावे आणि उपवासाची सोय ठेवावी. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेले आलू पुरतात. माळकरी आणि महानुभाव घरांतले पाहुणे असतील तर मांसाहाराची भांडी आणि चूल पूर्ण वेगळी ठेवावी. बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गाचा आश्रम मौद्यातच आहे आणि या मार्गातली सेवक कुटुंबे दारूपासून कटाक्षाने दूर राहतात. अशा घरांशी सोयरीक असेल तर हळदीच्या रात्रीचा बेत त्यानुसार ठरवावा. मधुमेही पाहुण्यांसाठी गोड नको म्हणण्याची मुभा वाढणाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावी. आग्रह प्रेमाचा असला तरी इन्सुलिन घेणाऱ्याला तो महागात पडतो.

प्रमाणाचा ढोबळ अंदाज

शंभर माणसांच्या पंगतीसाठी पुढील प्रमाण धरता येते. पुरीही असेल तर तांदूळ १२ किलो, भातच मुख्य असेल तर १५ किलो. वरणासाठी तूरडाळ ४ ते ५ किलो. पुरीची कणीक ८ किलो. आलू-वांग्याच्या रस्साभाजीला वांगी ८ किलो आणि आलू ६ किलो. डाळभाजीला तूर आणि चणा मिळून ४ किलो डाळ, पालक ४ ते ५ किलो, चुका १ किलो, शेंगदाणे १ किलो. तयार बुंदी ६ ते ७ किलो. कढी १५ लिटर, त्यासाठी दही ५ किलो. मठ्ठा हिवाळ्यात १० लिटर, उन्हाळ्यात २० लिटर. मटण असेल तर १५ ते १८ किलो.

पंगतीत पदार्थ वाढले की प्रत्येकाचे प्रमाण कमी होते, हे विसरून प्रत्येक पदार्थ पूर्ण मापाने केला की अन्न उरते. शेतकरी गावात भात जास्त जातो, शहरातून आलेल्या पाहुण्यांत पोळी आणि गोड. आकडा नीट काढायचा असेल तर गावातले, मुक्कामी आणि शहरातले असे तीन गट वेगळे मोजावेत.

आचारी, परवाना आणि स्वच्छता

आचारी ठरवण्याआधी त्याला घरच्या पदार्थाची चाचणी करायला लावावी. वीस माणसांचा वडाभात किंवा पाटवडी त्याच्याकडून करून घ्यावी, आजीला चाखायला द्यावी आणि लिहून ठेवलेल्या मापात दुरुस्ती करावी. जिन्नस यजमानाने आणून द्यायचे की ताटामागे दर ठरवायचा, हे स्पष्ट असावे. घरचा तांदूळ, मिरची, डाळ वापरायची असेल तर पहिली पद्धत बरी. गंज, कढया, पराती, सराटे बिछायत केंद्रातून आणताना मोजून आणि आतून तपासून घ्याव्यात. ठेकेदाराने कॅटरिंग करायचे असेल तर त्याचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक मागावा. घरगुती गॅस सिलिंडर अशा कामाला वापरता येत नाही, व्यावसायिक १९ किलोचे सिलिंडर लागते.

शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे. कोमट झालेल्या भातात, विशेषतः उन्हाळ्यात, विषबाधा करणारे जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात एकदम न करता दर पाऊण तासाला नवा गंज चढवावा. तळणाचे तेल काळे, घट्ट किंवा फेसाळ झाले की बदलावे. मठ्ठ्यात, पन्ह्यात घालायचा बर्फ खाण्यायोग्य असल्याची खात्री करावी. निळसर बर्फ खाण्याचा नसतो. पिण्याच्या पाण्याचा टँकर कुठून भरला ते विचारावे, गरज वाटल्यास क्लोरीनच्या गोळ्या टाकाव्यात आणि उन्हाळ्यात माणशी दोन लिटर तरी पाणी धरावे.

पंगत, पत्रावळ आणि उरलेले अन्न

बुफेत रांग लागते आणि वडी आधी संपते. पंगतीत वाढण्याचा क्रम यजमानाच्या हातात असतो, त्यामुळे मोजका घरगुती पदार्थ सगळ्यांच्या पानापर्यंत पोहोचतो. जागा कमी असेल तर मानकऱ्यांची पंगत आणि बाकीच्यांचा बुफे अशी सोय करता येते. दर पंचवीस पानांमागे दोन वाढपी आणि एक पाणी देणारा धरावा. गावातल्या तरुण मंडळींना हे काम देताना कोणी काय वाढायचे ते आधीच नेमून द्यावे.

प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर १ जुलै २०२२पासून बंदी आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण या भागात सहज मिळतात. त्या आदल्या दिवशी पुसून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे कडा फुटत नाहीत. रस्सा आणि कढीसाठी द्रोण वेगळा द्यावा.

शिल्लक अन्नाची वाट आधीच ठरवलेली असावी. पानात न गेलेले, गरम राहिलेले अन्न दोन तासांच्या आत शेजारच्या वस्तीत, वसतिगृहात किंवा आश्रमात पोहोचवावे. कढी, दह्याचे पदार्थ आणि कोमट भात देऊ नये. उष्टे अन्न जनावरांना घालताना त्यात पत्रावळीच्या काड्या आणि पिशव्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

खर्चाचा विचार या सगळ्याच्या सोबतीने करावा. कर्ज काढून लग्ने करू नका, असे गाडगेबाबा विदर्भातल्या गावोगावच्या कीर्तनांतून सांगत आणि तुकडोजी महाराजांनीही साध्या, सामुदायिक विवाहांचा आग्रह धरला. पंधरा पदार्थांच्या ताटापेक्षा सात पदार्थांचे, घरच्या तांदळाचे आणि घरच्या मिरचीचे ताट निम्म्या त्रासात होते.

कामाचे वेळापत्रक

तीन महिने आधी: दोन्ही घरांशी बोलून जेवणांची आणि पदार्थांची वाटणी, आचारी आणि बिछायतीचे बोलणे, जुने धान वेगळे काढणे. दोन महिने आधी: कृती करून घेऊन वजनासह नोंद, आचाऱ्याकडून चाचणी. महिनाभर आधी: धान भरडणे, मिरची-हळद कांडणे, सरगुंडे, कुरड्या, पापड. पंधरा दिवस आधी: माणसांचा अंतिम आकडा, जिन्नसांची यादी, उपवास आणि पथ्याची सोय. आठ दिवस आधी: चणाडाळ दळून आणणे, पत्रावळी, पाण्याचा टँकर, सिलिंडर. तीन-चार दिवस आधी: लाडू, करंज्या, अनारसे. आदल्या दिवशी: डाळी निवडणे, वाढप्यांना कामे नेमून देणे. भाज्या आणि दही लग्नाच्या सकाळीच आणावे.